कुंग फू म्हणजे काय? शब्दाचा अर्थ आणि आपला व्यायाम



रविवारी विहारात वंदना झाली, लोक चपला शोधत होते, तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने आम्हाला गाठले. त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर संदेश होता : एका भारतीय भिक्खूने चीनला कुंग फू शिकवले, म्हणजे कुंग फू हे मूळचे बौद्धांचेच. मुलाने विचारले, "काका, हे खरं आहे का?" त्याच्या शेजारी त्याचा मित्र एका पायावर उभा होता. सिनेमातली उडी पाहून त्याने सार्वजनिक संडासाच्या कट्ट्यावरून तशीच उडी मारली होती आणि घोट्याला सूज आली होती. शाळा आठ दिवस बुडाली, आईची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

पहिल्याला शब्दाचा खरा अर्थ हवा होता. दुसऱ्यालाही तो आधी कळला असता तर घोटा वाचला असता. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आपण या एका शब्दाचा अभ्यास करू.

शब्द फोडून पाहू

आपण 'कुंग फू' म्हणतो ते जुन्या रोमन स्पेलिंगवरून. चिनी माणसाचा उच्चार 'गोंग-फू' असा काहीसा असतो. यात दोन शब्द आहेत. 'गोंग' म्हणजे श्रम, काम, श्रमातून मिळालेले फळ. हे अक्षर चिनी लिपीत दोन भाग जोडून लिहितात. एका भागाचा अर्थ काम, दुसऱ्याचा ताकद. 'फू' म्हणजे माणूस. दोन्ही मिळून अर्थ होतो : माणसाने वेळ आणि मेहनत घालून मिळवलेले कसब.

यात ठोसा नाही, लाथ नाही, शत्रूही नाही. फार जुन्या चिनी लेखनात हा शब्द बांधकामाला लागणाऱ्या श्रमांसाठी आलेला आहे. जगभरच्या पडद्यावर गाजलेला शब्द मुळात मजुराच्या घामाचा आहे. आपल्या वस्तीतला गवंडी, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, सफाईचे काम करणारी बाई, यांच्या दिवसभराच्या कष्टाला लागू पडेल असा तो शब्द आहे.

पुढे अर्थ विस्तारत गेला. बाराव्या शतकातले चिनी तत्त्वज्ञ चू शी यांनी स्वतःचे आचरण घडवण्यासाठी रोज करायच्या प्रयत्नाला हाच शब्द वापरला. चीनमधील ध्यानमार्गी भिक्खूही ध्यानाच्या नित्य सरावाला गोंगफू म्हणत आले. दक्षिण चीनमध्ये चहा निगुतीने, सावकाश करून पाजण्याची एक पद्धत आहे, तिचे नावच 'गोंगफू चहा' आहे. उत्तम स्वयंपाक करणाऱ्याला किंवा सुंदर अक्षर काढणाऱ्यालाही त्याच्या कामात गोंगफू आहे असे म्हणता येते. त्याच उच्चाराचा, थोडा वेगळा लिहिला जाणारा शब्द साध्या बोलण्यात 'वेळ' या अर्थानेही येतो. मेहनत आणि वेळ या दोन गोष्टी त्या शब्दात अशा एकत्र बांधलेल्या आहेत.

मग मारामारीचा अर्थ कुठून चिकटला?

युद्धकलेसाठी चिनी भाषेत वेगळे शब्द आहेत. 'वू-शू' म्हणजे युद्धाची कला, आणि आजच्या चीनमध्ये स्पर्धांचे अधिकृत नाव तेच आहे. 'च्युआन' म्हणजे मूठ, त्यावरून मुष्टियुद्धाच्या शैलींची नावे पडली. १९२८ साली नानजिंग शहरात सरकारी प्रशिक्षणसंस्था उघडली, तेव्हा तिच्या नावात 'गुओ-शू' म्हणजे राष्ट्रीय कला हा शब्द होता.

युरोपात हा शब्द पोहोचला तो मात्र आरोग्याचा शब्द म्हणून. बीजिंगमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच धर्मप्रसारकाचे 'कोंग-फू' या नावाचे एक वर्णन १७७९ साली प्रसिद्ध झाले. त्यात लढाई नव्हती. ताओ पंथाचे साधक आजार बरे करण्यासाठी शरीराची ठेवण आणि श्वास यांचे जे व्यायाम करत, त्याची ती माहिती होती.

लढाईचा अर्थ जगभर पक्का झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हाँगकाँगच्या सिनेमांमुळे. दक्षिण चीनमध्ये लोक बोलताना युद्धकलेलाही कुंग फू म्हणत, तोच शब्द सिनेमाने उचलला. ब्रूस ली यांचा 'एंटर द ड्रॅगन' १९७३ साली आला आणि हा शब्द आपल्याकडच्या थिएटरपर्यंत येऊन पोहोचला. पडद्यावर तीन मिनिटांची मारामारी दिसते. तिच्यामागे रोजचा कित्येक वर्षांचा सराव असतो, तो कापला जातो. खरे तर कापलेल्या त्या भागाचेच नाव कुंग फू आहे.

शाओलिन आणि बोधिधम्म : इतिहास किती, दंतकथा किती

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ऐकीव आहे म्हणून, परंपरेत आहे म्हणून किंवा आपल्याला आवडते म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्याला अभिमान वाटेल अशा संदेशालाही हाच नियम लावला पाहिजे.

शाओलिन विहार चीनच्या हेनान प्रांतात सोंग पर्वतावर आहे. परंपरेनुसार त्याची स्थापना इ.स. ४९५ च्या सुमारास झाली. उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो भारतातून आलेल्या एका भिक्खूसाठी बांधवला. चिनी ग्रंथ त्या भिक्खूला 'बातुओ' म्हणतात. म्हणजे विहाराच्या मुळाशी भारतीय भिक्खू आहे. पण तो बोधिधम्म नाही, आणि त्याचे काम धम्माचे होते.

बोधिधम्माचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग शहरातील विहारांच्या वर्णनात येतो. तिथे तो पश्चिमेकडून, पर्शियाकडून आलेला भिक्खू आहे. दुसऱ्या जुन्या नोंदीत तो दक्षिण भारतातला आहे. दोन्हींत युद्धकलेचा एक शब्दही नाही. त्याने भिक्खूंना शरीर बळकट करण्याचे व्यायाम शिकवले ही गोष्ट 'यी-जिन-जिंग' नावाच्या पुस्तकावरून पसरली. ते पुस्तक सतराव्या शतकातले आहे. त्याला जुन्या काळच्या नामवंतांच्या नावाने प्रस्तावना जोडलेल्या आहेत, पण त्यांत काळाच्या चुका इतक्या आहेत की चिनी विद्वानांनीच त्या बनावट ठरवल्या.

शाओलिनचे भिक्खू लढले, हे मात्र खरे आहे. इ.स. ६२१ मध्ये त्यांनी एका लढाईत राजपुत्र ली शीमिन याची बाजू घेतली. तो पुढे तांग घराण्याचा सम्राट झाला आणि विहाराला जमिनी मिळाल्या. त्याचा शिलालेख आजही विहारात उभा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथले भिक्खू काठी चालवण्यात प्रसिद्ध होते. पंचशीलातले पहिले शील घेतलेल्यांनी शस्त्र का धरले, हा प्रश्न चिनी बौद्धांनाही पडलेला होता. त्यावर आपण पांघरूण घालायचे कारण नाही.

मग भारतातून चीनला काय गेले? पालीतला 'झान' म्हणजे ध्यान. चीनमध्ये त्याचा 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. हा प्रवास पक्का आहे. ठोशापेक्षा ही देणगी मोठी आहे. तेव्हा पुढच्या वेळी तो संदेश आला, तर दुसऱ्याला पाठवण्याआधी एवढे सांगा.

चान परंपरेत बोधिधम्माची एक गोष्ट सांगतात. ती इतिहास म्हणून घेऊ नका, बोध म्हणून घ्या. सम्राट वू याने विचारले, "मी एवढे विहार बांधले, एवढे ग्रंथ लिहवून घेतले. मला किती पुण्य मिळाले?" पुण्यासाठीचा जो चिनी शब्द, त्यातही हाच 'गोंग' आहे. उत्तर आले, "काही नाही." पैसे खर्च करून बांधकाम होते, पण माणूस आतून घडत नाही. ती मेहनत ज्याची त्यालाच करावी लागते.

आपल्याकडचा शब्द

गोंगफूच्या जवळ जाणारा शब्द आपल्याकडे आहे आणि आपण तो रोज वापरतो : व्यायाम. आज त्याचा अर्थ दंड-बैठका एवढाच उरला आहे. पालीत 'वायाम' म्हणजे प्रयत्न. अष्टांगिक मार्गाचे सहावे अंग 'सम्यक व्यायाम' आहे, आणि तिथे तो मनाचा प्रयत्न आहे. त्याचे चार भाग सांगितले आहेत : जे अकुशल अजून आलेले नाही ते येऊ न देणे, आलेले दूर करणे, जे कुशल अजून नाही ते निर्माण करणे, आणि असलेले टिकवणे. हे चित्ताबद्दल आहे. पण शरीराची काळजी घेतानाही हीच चार कलमे उपयोगी पडतात, ती पुढे पाहू.

आधी सोण भिक्खूची गोष्ट लक्षात ठेवू. तो श्रीमंत घरातला, तळपाय कोवळे. प्रयत्नांत मागे राहायचे नाही म्हणून तो इतका चालला की पायांतून रक्त आले. मग निराश होऊन घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? दोन्हींना त्याचे उत्तर 'नाही' असेच होते. प्रयत्नाचेही तसेच, असे बुद्ध म्हणाले. संडासाच्या कट्ट्यावरून उडी मारणारा आमचा मुलगा तार फार ताणतो. "आमच्याकडे कुठे जागा आणि वेळ" म्हणणारे आपण तार सैल सोडतो.

चार कलमे, आपल्या घरात

पहिले, न आलेला आजार येऊ न देणे. तंबाखू, गुटखा, मशेरी बंद करणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम आहे. पाचवे शील पाळणाऱ्या घरात दारूचा प्रश्नच येऊ नये. वय ३० पूर्ण झाले की रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. दोन्ही आजार बरेच दिवस काही त्रास न देता शरीरात राहतात.

दुसरे, आलेला आजार आवरणे. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. छातीत दुखणे, चालताना दम लागणे, चक्कर येणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

तिसरे, नवी सवय लावणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे आठवड्यातले ५ दिवस रोज ३० मिनिटे. ती १०-१० मिनिटांच्या तुकड्यांनी केली तरी चालते. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे. एका सतरंजीच्या जागेत होईल असा क्रम देत आहोत.

चंक्रमण : विहारात आपण शिकतो ते चालणे. बुद्धांनी त्याचे पाच फायदे सांगितले आहेत. प्रवास झेपतो, प्रयत्न झेपतो, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. गल्लीत गर्दी असेल तर पहाटे चाला. सुरुवात १० मिनिटांनी करा. नंतर वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

घोडेस्वाराचा पवित्रा : चिनी नाव 'मा-बू'. चीनमधल्या शिष्याला ठोशाआधी हेच शिकवतात. पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, पंजे समोर, पाठ ताठ. गुडघे थोडे वाकवा, जणू बुटक्या स्टुलावर बसणार आहात. गुडघे आत पडू देऊ नका. श्वास रोखू नका. पहिल्या आठवड्यात १५ सेकंद, तीन वेळा. दर आठवड्याला ५ सेकंद वाढवा. गुडघेदुखी असेल तर पाठ भिंतीला टेकवून अगदी थोडे वाकवा. दुखले तर थांबा. गरोदर बाईने डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारल्याशिवाय करू नये.

हात आकाशाकडे : चीनमध्ये शेकडो वर्षे चालत आलेल्या 'बा-दुआन-जिन' या आठ हालचालींपैकी ही पहिली. बोटे एकमेकांत गुंफा, श्वास घेत हात वर न्या, तळवे छताकडे करा, अंग ताणा, श्वास सोडत हात खाली आणा. आठ वेळा. शिवणयंत्रावर, रिक्षात किंवा संगणकासमोर तासन्‌तास वाकून काम करणाऱ्यांची पाठ याने मोकळी होते.

एका पायावर उभे राहणे : हे आजी-आजोबांसाठी. दाराची चौकट धरून एक पाय थोडा उचला, १० सेकंद थांबा, मग दुसरा. घरातले कुणीतरी जवळ असावे. ताई-ची हा चिनी संथ व्यायाम नियमित केल्याने वयस्कर माणसांचा तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. म्हातारपणी मांडीचे हाड मोडले की सगळे घर अंथरुणाला खिळते, म्हणून हे १० सेकंद मोलाचे आहेत.

चौथे, लागलेली सवय टिकवणे. इथेच बहुतेक जण हरतात. पहिल्या दिवशी दोन तास आणि नवव्या दिवशी शून्य, याला गोंगफू म्हणत नाहीत. सकाळच्या वंदनेला जोडून १० मिनिटे ठेवा. वंदना चुकत नाही तसा व्यायामही चुकणार नाही.

कष्ट करणाऱ्यांसाठी दोन शब्द

कुणी म्हणेल, "आम्ही दिवसभर डोक्यावर पाट्या वाहतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" बरोबर आहे. दहा तास ओझे वाहणाऱ्याला आणखी श्रमाची गरज नाही. त्याला पुरेसे पाणी, झोप आणि आखडलेले अंग ताणून मोकळे करण्याची गरज आहे. ओझे उचलताना कंबरेत वाकू नका. घोडेस्वाराच्या पवित्र्यासारखे गुडघे वाकवून, ओझे अंगाजवळ धरून पायांच्या ताकदीने उठा.

घरातल्या बाईचे तर त्याहून वेगळे. धुणी, भांडी, पाण्याचे हंडे यांत तिचे शरीर राबते. पण तेच ते काम, तेच सांधे आणि विश्रांती नाही. तिला "तुझा व्यायाम घरातच होतो" असे सांगणे हे सोयीचे बोलणे आहे. हंडा मुलाने आणि नवऱ्याने उचलावा आणि वाचलेल्या वेळात तिने चालायला जावे. घराचे आरोग्य सुधारण्याचा याहून सोपा उपाय आम्हाला माहीत नाही.

क्लास लावताना

कराटे किंवा कुंग फूच्या क्लासला मुलांना जरूर पाठवा, मुलींना तर आधी पाठवा. शरीराबरोबर धीर येतो. पण पैसे भरण्याआधी एक दिवस बसून पाहा. शिकवणारे कुठे शिकले हे विचारा. सुरुवातीला अंग मोकळे करून घेतात का? लहान मुलांना विटा-कौले फोडायला लावतात का? लावत असतील तर मुलाला घरी आणा, वाढत्या वयातली हाडे त्यासाठी नसतात. ठरावीक महिन्यांत काळ्या पट्ट्याची हमी देणारा माणूस पट्टा विकतो, कसब विकत नाही. सम्राट वूची गोष्ट आठवा. शरीर लवकर भरावे म्हणून कुणी इंजेक्शन किंवा नाव नसलेली पावडर देऊ लागले, तर सरळ नाही म्हणा.

घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस चोळू नका, शेकू नका. पायाला विश्रांती द्या, फडक्यात बर्फ गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावा, पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवताच येत नसेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्या. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बरळणे सुरू झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

त्या दोघा मुलांना आम्ही विहाराच्या अंगणात घोडेस्वाराचा पवित्रा दाखवला. घोटा सुजलेल्याला फक्त बघायला बसवले. पहिल्याचे पाय वीस सेकंदांत थरथरू लागले. तो हसला आणि म्हणाला, "एवढंच? पण अवघड आहे." आम्ही म्हणालो, "हेच कुंग फू. उद्या एकवीस सेकंद."

ते कसब कुणाला जन्माने मिळत नाही आणि कुणाच्या आशीर्वादानेही मिळत नाही. अमुक घरात जन्मला म्हणून कुणी त्याला पात्र ठरत नाही की अपात्रही ठरत नाही. एक सतरंजी, दहा मिनिटे आणि उद्याचा दिवस एवढेच लागते, आणि ते आपल्या प्रत्येक घरात आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.